परगावच्या बहिणीला एक दिवस

दूधविनायक, काशी
९ नोव्हेंबर १९९४

लतिके,

आशीर्वाद आधीच देऊन ठेवते. शेवटी कागद पुरत नाही आणि ते राहून जातात. तुला, गोपीनाथबाबूंना, घरात असतील त्या सगळ्यांना.

आता बातमी ऐक. मी आजी झाले! विश्वजीतला मुलगी झाली, गौरी जेवल्या त्या दिवशी, ऐन नैवेद्याच्या वेळेला. पुरणाचं पातेलं मी कोणाच्या हातात देऊन पळाले ते अजून आठवत नाही. इतक्या वर्षांनी ग! डॉक्टर झाले, नवस झाले, मी शिवून ठेवलेली दुपटी शेवटी माळ्यावर टाकून दिली होती. तीच काढली, धुतली, उन्हात घातली. गौरीच्या दिवशी आली म्हणून ईशानी. रंग तेजश्रीचा, म्हणजे सुनेचा, इंदूरची आहे ती. नाक आपल्या आईचं. आणि रडणं तुझं. अगदी तुझं. आधी ओठ काढायचा, मग कोण कोण बघतंय ते बघायचं, मग सूर लावायचा. तेजश्री म्हणते, आई, तुम्ही तिला खाली ठेवतच नाही, सवय लागेल. म्हटलं, लागू दे, मला पण लागू दे.

माझं अक्षर बघून हसू नकोस. चौथीत शाळेतून काढलेली मी, त्यात मांडीवर ही, एका हाताने लिहितेय. मधेच ओघळ दिसला तर ती शाई नाही, ईशानीची लाळ आहे.

बारशाला आपला बिंदू आला होता. नाव त्यानेच काढून दिलं. जेवायला बसला आणि दोन घासांत उठला, म्हणाला भात छातीशी अडकतो. मी म्हटलं, घाईने खातोस. तो कसला घाईने खातोय, तुला माहीत आहे त्याचं, आधी हात धू, मग पाणी फिरव, मग मंत्र, तोवर बाकीच्यांचं ताक संपलेलं असतं. हल्ली पोळी दुधात भिजवून घेतो. वरण नुसतं पितो. थंडीचं असेल. काढा देतेय.

तू म्हणशील, त्याचं मला कशाला सांगतेस ताई. खरंय. तू गोपीनाथबाबूंशी लग्न केलंस, बंगाली, मासे खाणारे, तेव्हापासून त्याने घरात तुझं नाव घेतलं नाही, मला घेऊ दिलं नाही. आणि तू तरी काय कमी? बिंदू स्वतः बोलावेल तेव्हाच काशीत पाय ठेवीन म्हणून गेलीस ती गेलीस. अख्ख्या गल्लीतले लोक त्याला विचारायला येतात, शास्त्रीबुवा, आमचा आत्तेभाऊ गेला, किती दिवस सुतक पाळायचं, सून माहेरी आहे, तिला लागतं का. सगळ्यांना सांगतो तो. दारात उभा राहून सांगतो, दक्षिणा घेत नाही. स्वतःच्या पाठच्या बहिणीचं काय करायचं ते त्याला कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

जाऊ दे. त्याचं धोतर फार ढिलं झालंय, कमरेला दोनदा जास्त गुंडाळतो. हे लिहिणार नव्हते.

ईशानीला तुझ्याकडून काय देऊ ते कळव. मी तुझ्या नावाने पैंजण घालणारच आहे, तू नुसतं हो म्हण.

ताई


२७ नोव्हेंबर १९९४

लतिके,

पैंजण घातले. वाजले की पाय उचलून बघते, मग माझ्याकडे बघते, जशी काही मी वाजवतेय.

थंडीचं असेल म्हणाले होते ते थंडीचं नाही निघालं. विश्वजीत त्याला अस्पतालात घेऊन गेला, दुर्बीण घातली, तुकडा काढून जांचेला पाठवला. अन्ननळीत गाठ आहे. कॅन्सर. बघ, लिहिला मी. घरात कोणी उच्चारत नाही, विश्वजीत 'ते' म्हणतो आणि तेजश्री 'मामांची तबियत' म्हणते. डॉक्टर पण आधी इकडचं तिकडचं बोलत होता, तर बिंदू त्याला म्हणाला, "डॉक्टर साहब, हिंदी में बोलिए चाहे संस्कृत में बोलिए, घुमा के मत बोलिए।" मग बोलला तो.

तीन वाटा सांगितल्या. एक, मुंबईला न्यायचं, छाती उघडून नळीचा तेवढा भाग काढायचा. दुसरी, पोटाला भोक पाडून रबराची नळी बसवायची आणि त्यातून दूध, पेज सोडायची, तोंडाने काही नाही. तिसरी सिकाई, म्हणजे मशिनीतल्या किरणांचा शेक, रोज थोडा थोडा. यातल्या कशाने तो बरा होईल असं मात्र तो म्हणाला नाही. मी तीनदा विचारलं. शेवटी म्हणाला, "अम्मा, घरवाले तय कर लीजिए।"

बाहेर बाकावर बसलो. विश्वजीत म्हणाला, मुंबई, दुसरा विचारच नाही. बिंदू माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, सगळ्यांना मी सांगतो काय करायचं. मला तू सांग."

मी काय सांगू ग? मला आल्याचा रस कितीदा द्यायचा तेवढं कळतं. तर माझं काम कर. गोपीनाथबाबूंना विचार. आयुष्यभर दवाखाना चालवला त्यांनी, असे रोगी बघितले असतील. सगळं लिहिते. वय बासष्ट, वजन फार उतरलंय, पातळ तेवढं जातं, खोकला आहे, गाठ लांब आहे म्हणाले, आजूबाजूला पसरलीय. त्यांच्या सख्ख्या भावाला त्यांनी काय केलं असतं तेवढंच विचार.

बिंदूला मी माझ्याकडे आणलंय. आपली भावजय शरदिनी गेल्यापासून मंगला गौरीच्या देवळाजवळच्या दोन खोल्यांत एकटाच होता, आणि त्या पायऱ्या त्याला आता चढवत नाहीत. यायला तयार नव्हता. म्हणाला, बहिणीच्या घरी राहायचं म्हणजे. म्हटलं, म्हणजे काय? वाघ आहे मी? ईशानीला त्याच्या शेजारी झोपवलं तेव्हा राहिला.

आणि बरं का, तो तुझी फार आठवण काढतो. परवा बसल्या बसल्या म्हणाला, लती कशी असेल.

ताई


१६ डिसेंबर १९९४

लतिके,

पकडलंस मला. खरंच की, तो तुला कधी लती म्हणालाच नाही, 'लतिकाबाई' म्हणायचा, तू परकरात असल्यापासून. माझ्या लक्षातच राहिलं नाही. आठवण काढली नाही त्याने. मला वाटलं, तू वाचून गाडीत बसशील. तुझी तीन ओळींची चिठ्ठी वाचली, "त्याने बोलावलं तर येते, तू बोलावलंस म्हणून नाही." वाचून स्वयंपाकघरात गेले आणि डाळ निवडत बसले. डाळ निवडलेली होती.

पण गोपीनाथबाबूंचं पत्र वेगळं होतं, त्यांना माझा नमस्कार सांग. किती सोपं लिहिलंय. म्हणतात, वजन उतरलेल्या माणसाची छाती उघडू नका, मुंबईच्या त्या टेबलावरून तो उठेल याचा भरवसा नाही, आणि उठला तरी उरलेले दिवस अस्पतालातच जातील. नळी शेवटचा उपाय, तोही तो मागेल तर. थोडी सिकाई करा, काही दिवस रस्ता उघडेल, पाणी तरी सुखाने पिईल. आणि दुखायला लागलं की औषधाला कंजुषी करू नका, सवय लागेल म्हणून घाबरू नका. खाली लिहिलंय, "माझा भाऊ असता तर मी एवढंच केलं असतं." ते मी ईशानीला मोठ्याने वाचून दाखवलं. वाचून दाखवायला दुसरं कोणी नव्हतं.

सिकाई सांगितली मग मी. बिंदूने विचारलं, हे कोणाचं मत? म्हटलं, विश्वजीतच्या बँकेतल्या कोणाचा तरी ओळखीचा डॉक्टर आहे. लगेच विश्वजीतला डोळ्याने दाबलं. तो तेवढ्यापुरता गप्प राहिला, पण रात्रीचं जेवला नाही. दुसऱ्या दिवशी चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, तू मामाला मरायला सोडते आहेस. पैसे मी उभे करत होतो." माझा विश्वजीत, जो कधी वर मान करून बोलत नाही. बिंदूनेच त्याला खेचून जवळ बसवलं आणि म्हणाला, "अरे, मी विचारलं तिला, तिने सांगितलं. विचारून घ्यायचं आणि मग ऐकायचं नाही, असे यजमान मला फार भेटले. तू नको होऊस."

सिकाईचा वेगळाच ताप निघाला. छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा काढल्यात, कुठे मशीन लावायची त्याच्या. त्या पुसायच्या नाहीत, पाणी लावायचं नाही. आता सांग, पंचगंगा घाटावर रोज डुबकी मारल्याशिवाय ज्याने पाणी प्यायलं नाही त्याला अंघोळ नाही! दोन दिवस देवाला हात लावला नाही, तोंड करून बसला. मग स्वतःच शोधून काढलं. म्हणे, आजारी माणसाच्या वतीने निरोगी माणसाने अंघोळ करून त्याला स्पर्श करायचा, की तो शुद्ध. दहा वेळा करायचं असतं म्हणे. मी म्हटलं, या थंडीत दहादा अंघोळ केली तर तूच माझं करशील. हसला. म्हणाला, "एकदा पुरे. बाकीच्या नऊ माझ्या हिशेबात मांड."

तर मी रोज अंघोळ करून, ओल्या केसांनी येते, त्याच्या पायाला हात लावते, आणि तो देवपूजेला बसतो. हा पोरगा माझ्यापेक्षा लहान, पाया मला पडायचा. आता रोज मी त्याचे पाय धरते. पाय किती गार असतात त्याचे.

ताई


८ जानेवारी १९९५

लतिके,

रस्ता उघडला! गोपीनाथबाबूंना आजच्या आज सांग. परवा मऊभात तूप घालून दिला, वाटीभर, अडकला नाही. मी समोर बसून प्रत्येक घास त्याच्या गळ्यातून खाली जाताना बघत होते. म्हणाला, "ताई, तू अशी बघत बसलीस तर मला लाज वाटते." म्हटलं, वाटू दे.

ईशानी आता पालथी पडते आणि पडली की सुलटं होता येत नाही म्हणून ओरडते. बिंदू तिला म्हणतो, आधी परतीची वाट बघावी, मग निघावं. ती त्याची शेंडी धरते. कोणाच्या बापाची हिंमत नव्हती त्या शेंडीला हात लावायची.

तिच्या उष्टावणाचा दिवस त्याने काढलाय, वसंत पंचमी. मुलीचं विषम महिन्यात करतात, पाचवा चालू असेल. पहिला घास खरं तर मुलीच्या मामाने द्यायचा, पण तेजश्रीला भाऊ नाही, तेव्हा बापाचा मामा चालेल असं बिंदूने ठरवून टाकलं. म्हटलं, शास्त्रात आहे का हे? म्हणाला, "शास्त्रात नाही असं कुठे आहे?" असा बोलायला लागला तो. आजारपणाने माणूस मऊ होतो की भातानेच कोण जाणे.

आणि आता गंमत ऐक. खाली गलीत मलइयोवाला येतो. तुला आठवतो ना मलइयो, दुधाचा फेस, दवात ठेवलेला, केशर घातलेला, तोंडात घातला की घातला होता की नाही ते कळत नाही. बिंदूने जन्मात बाहेरचं खाल्लं नाही. खिडकीतून त्याची हाक ऐकली आणि मला म्हणाला, आण. मी बघतच राहिले. म्हणाला, दुधाचं आहे, दुधाच्या पदार्थाला दोष नाही. मग शाल गुंडाळून स्वतःच उतरला माझा हात धरून. मलइयोवाला म्हणतो, "अरे पंडित जी! आज सूरज पच्छिम से निकला है का?" बिंदू म्हणाला, "सूरज छोड़ो, केसर ठीक से डालो।" भर गलीत उभं राहून दोन कुल्हड खाल्ले, लतिके. मिशीला फेस. मी पदराने पुसला.

वर येऊन निजला आणि डोळे मिटूनच विचारलं, "ताई, ती सिकाई बँकेतल्या डॉक्टरने नाही सांगितली. तुला कलकत्त्याचं पाकीट येतं, त्यावरची तिकिटं विश्वजीत सोडवून ठेवतो, मला दिसतं. हे गोपीनाथबाबूंचं म्हणणं आहे ना?"

 हो म्हटलं. वाटलं, आता उठून मंगला गौरीला जातो. त्याने शाल छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाला, "बरोबर सांगितलं त्यांनी."

'त्यांनी' म्हणाला. नाव घेतलं आणि 'त्यांनी' म्हणाला. मी खोटं लिहीत नाहीये, यावेळी ईशानीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते. हे बोलावणं नाही, मला कळतं. पण तू ये ना. मलइयो थंडी आहे तोवरच मिळतो.

ताई


२९ जानेवारी १९९५

लतिके,

पुन्हा बंद झालं. आधी भात, मग पेज, आता पाणी पण चमच्याने, आणि त्यातलंही अर्धं परत येतं. पाच-सहा दिवसांत सगळं मागे गेलं. सिकाई आता आणखी देता येत नाही म्हणाले. डॉक्टर म्हणतो, नळी घाला, नाही तर उपाशी जातील.

उपाशी हा शब्द मला नको होता. स्वयंपाकघरात तेच पातेलं आहे ज्यात मी मऊभात करत होते. बिंदूचं झालं की त्यातच ईशानीसाठी करायचा, असं मनात होतं. ती आता सगळ्यांच्या ताटाकडे बघून तोंड हलवते. तिच्यापुढे घास घ्यायला मला चोरी झाली आणि त्याच्यापुढे पण चोरी झाली. मी न्हाणीत उभी राहून पोळी खाल्ली काल.

मी त्याला म्हटलं, घालू या नळी. गोपीनाथबाबू नको म्हणाले होते, तरी म्हटलं. रडले पण. तो म्हणाला, "तुला वाटतं घालावी?" म्हटलं, "मला तू हवास रे." तो म्हणाला, "मी हवाय म्हणतेस. मी बसून जेवणारा, बोलणारा, तुला चिडवणारा, तो नळीने येणार का परत? येणार असला तर घाल. मी हूं का चूं करणार नाही, तुझ्यावर सोपवलंय."

मग मी बाहेर जाऊन डॉक्टरला नाही म्हणाले. माझ्या तोंडाने. लतिके, आयुष्यात मी कोणाला उपाशी पाठवलं नाही दारातून, कुत्र्याला नाही. विश्वजीत जवळ उभा होता, त्यानेच माझा हात धरून रिक्शात बसवलं. दुखण्याच्या गोळ्या वाटून देतो आता, मधात. थोडी ग्लानी असते, पण दुखत नाही म्हणतो.

आता भांडण ऐक. झालं कसलं, चालूच आहे. त्याने काल सकाळी सांगितलं, मला मंगला गौरीला माझ्या खोलीवर पोचवा. का? तर म्हणे, भाऊ लग्न झालेल्या बहिणीच्या घरात वारला तर तिला तीन दिवस लागतात, तिच्या मुलांना पण तीन. स्वतःच्या घरी गेला तर दीडच दिवस. वसंत पंचमी शनिवारी. "तुझ्याकडे गेलो तर पोरीचं उष्टावण बुडेल, मी काढलेला मुहूर्त आहे." अगदी हळू आवाजात, पण बोटं मोजून.

मी म्हटलं, "बुडू दे."

"पाचवा महिना गेला तर सातव्यात करावं लागेल."

"मग सातव्यात करू. नात काय पळून चाललीय? दात पण नाहीत तिला."

"ताई, हट्ट करू नकोस. दीड दिवसात मोकळी होशील."

त्यावर मी त्याला बोलले, आजारी माणसाला बोलू नये तसं बोलले. म्हटलं, "मला मोकळं व्हायचं नाहीये! तुला मी काखोटीला मारून वाढवलंय. एका लग्नाने माझं गोत्र बदललं म्हणून सख्ख्या भावाला दीड दिवस रडायचं आणि उठून कणीक मळायची? दहा तर मला मिळणार नाहीतच, ते विष्णुला मिळतील, चुलत भावाच्या मुलाला. मला तीन तरी घेऊ दे. इथेच राहायचंस तू. तीन दिवस माझे आहेत."

तेजश्री ईशानीला घेऊन दारात उभी होती. ती आत आली आणि पोरीला त्याच्या कुशीत ठेवून गेली. तो तिला थोपटत राहिला. नंतर मला म्हणाला, "शास्त्र कोणाला सोप्पं व्हावं म्हणून असतं, तू तर अवघड मागतेस."

गेला नाही मात्र खोलीवर.

तू ये. मी आता कारण लिहीत नाही.

ताई


६ फेब्रुवारी १९९५

लतिके,

तार मिळाली असेल. विश्वजीतने गुरुवारी दुपारीच केली, पण पोचली कधी ते कळायला मार्ग नाही.

सकाळी गेला. मी अंघोळ करून आले होते, ओल्या केसांनी, पायाला हात लावायला वाकले. त्याने डोळे उघडून बघितलं. माझ्या हातात पाय होते आणि ते नेहमीसारखेच गार होते, म्हणून मला कळलंच नाही. मी देवघराची तयारी करायला वळले. तेजश्रीने मला थांबवलं.

मणिकर्णिकेला नेला. विष्णुने केलं सगळं, शिंदे घाटावरून धावत आला बिचारा. आमचे तीन दिवस काल संपले. पंचमी त्यातच आली. ईशानीला नवा परकर-झगा शिवला होता, तो तसाच घडी करून ठेवला.

आता मुख्य गोष्ट, जी तारेत घालता येत नव्हती.

आदल्या दिवशी विष्णु भेटायला आला होता. बिंदूने त्याला जवळ बसवून स्वतःच्या मागे कोणी किती पाळायचं ते सांगितलं. जसं दारात उभं राहून लोकांना सांगायचा तसंच, जसा काही कोणी तिसराच मेला होता. विष्णु, तुला दहा. ताईला तीन, तिच्या घरी आहे म्हणून, तिचा हट्ट. विश्वजीतला तीन. मग थांबला. दम लागला होता, मला वाटलं संपलं, मी चमच्याने पाणी लावलं ओठाला. तेव्हा म्हणाला, "परगावच्या बहिणीला एक दिवस."

विष्णुला काय माहीत! त्याच्या जन्माच्या आधी तू गेलेली. तो विचारतो, "काका, परगावी बहीण कोण?"

बिंदू म्हणाला, "आहे. कलकत्त्याला. लतिकाबाई. धाकटी." मग जरा वेळाने, "तिच्या यजमानांना अंघोळ. मेव्हण्याची."

विष्णु माझ्याकडे बघायला लागला, मी भिंतीकडे. तो गेल्यावर मी बिंदूला म्हटलं, अरे, मग बोलाव ना तिला, विश्वजीत आत्ता फोन लावतो त्यांच्या शेजारी. त्याने मान हलवली. म्हणाला, "कुठल्या तोंडाने बोलावू ताई? मला फक्त कोणाला किती ते सांगता येतं. तू लिही." मी संध्याकाळी लिहीन म्हटलं. संध्याकाळी पोरीला ताप होता, तिला घेऊन फेऱ्या मारत बसले. राहिलं.

काल माझ्या मनात आलं, तार उशिरा पोचली असेल तर? एक दिवस तर तो गेला त्या दिवसापासून मोजायचा, तो उलटून गेला असेल तुला कळायच्या आधीच. मग तुझ्या वाट्याला काय राहिलं? नुसती अंघोळ असते बहुतेक. की कळल्यापासून मोजायचं? मी उठले त्याला विचारायला. लतिके, दारापर्यंत गेले ग.

आता विचारायला कोणी नाही, तेव्हा मी सांगते. चौथी शिकलेली सांगते, कोणी काही म्हणो. हे पत्र हातात पडेल त्या घडीपासून धर. एक दिवस. चूल गोपीनाथबाबू सांभाळतील. कोणी विचारलं काय झालं, तर म्हण माझा भाऊ गेला. आणि गोपीनाथबाबूंनी अंघोळ केली की त्यांना सांग, त्यांच्यामुळे त्याने पंधराएक दिवस पोटभर जेवण केलं.

आणि मग ये. ईशानीचं उष्टावण पाडव्याला ठरवलंय, सातवा महिना चालू असेल. तेजश्री विचारत होती, आता घास कोण देणार. मी म्हटलं, बघू.

त्याने बोलवावं म्हणून तू थांबलीस, तू यावंस म्हणून तो थांबला, आणि तुम्हां दोघांच्या मधे इतकी वर्षं मी पोस्टमनसारखी चालत राहिले. तू लिहिलं होतंस, तू बोलावलंस म्हणून येणार नाही. तेव्हा मी उत्तर दिलं नाही, बिंदूचं चाललं होतं. आता देते. तो गेला, आता मीच बोलावणार, दुसरं कोणी उरलं नाही. तुझा त्याच्याशी अबोला होता, माझ्याशी कशाला ग? माझं काय चुकलं? मी पण तुझी बहीणच आहे. माझा एकुलता एक भाऊ गेला, आणि मी ज्याच्या-त्याच्यापुढे ताठ उभी आहे, ईशानीला खेळवतेय, हसतेय पण, ती हसवतेच. पण मला रडायला आपल्या घरातलं कोणीतरी पाहिजे, आपल्या आईच्या पोटचं. आता तू एकटीच आहेस.

गाडी पहाटे येते. विश्वजीत स्टेशनवर येईल. तू त्याला ओळखणार नाहीस, तोही तुला नाही, तेव्हा मी पण येते.

ताई